चढायला १७ मिनिटं, उतरायला २४

योकोकावा स्थानकात रूळ संपतात. ताकासाकीहून आलेली लोकल फलाटाला लागते, समोर रूळ अडवलेले, त्यापुढे गवत आणि त्याच्याही पुढे उसुई घाटाचा डोंगर. पलीकडचं कारुइझावा रेल्वेमार्गाच्या हिशेबानं अवघं ११.२ किलोमीटर, पण आता तिथे जायचं तर स्थानकाबाहेरून बस पकडायची. १९९७ सालच्या ३० सप्टेंबरपर्यंत गाड्या इथूनच घाट चढत होत्या. दुसऱ्या दिवसापासून नागानोकडे जाणारी शिंकान्सेन सुरू झाली, आणि १०४ वर्षं चाललेला हा घाटमार्ग कायमचा बंद पडला.

तोक्योतल्या निशिकासाईत राहणाऱ्या माझ्या भाच्याला हे ठिकाण निवडल्याचं नवलच वाटत होतं. "मामा, शिंकान्सेननं सव्वा तासात थेट कारुइझावाला पोचू. त्या बंद पडलेल्या लाइनवर काय आहे?" त्याच्या पिढीचा रेल्वेशी संबंध तिकिटापुरता. माझं अर्धं आयुष्य मुंबई-पुणे गाड्यांमध्ये गेलेलं, त्यामुळे घाट म्हटलं की माझे कान टवकारतात. ताकासाकीला उतरून आम्ही लोकल धरली.

स्थानकाबाहेर पडताना आधी पायाखाली पाहावं. गटारावरची लोखंडी जाळी नीट पाहिली तर तिला दात आहेत. घाटातले जुने दातेरी रूळच शेजारी शेजारी मांडून ती जाळी केली आहे. ज्या पट्ट्यांच्या आधारावर सत्तर वर्षं गाड्या डोंगर चढल्या, त्यांच्यावरून आता शाळेची पोरं सायकली नेतात. काचेच्या कपाटात ठेवण्यापेक्षा मला हे जास्त आवडलं.

हा घाट रेल्वेच्या कितीतरी आधीचा. एदो, म्हणजे आजचं तोक्यो, आणि क्योतो यांना डोंगरांतून जोडणारा नाकासेन्दो हा जुना राजमार्ग इथूनच चढायचा. पायथ्याला योकोकावाची चौकी होती. एदोच्या दिशेनं जाणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर पडणाऱ्या बायका, या दोन गोष्टींवर तिथल्या पहारेकऱ्यांचा विशेष डोळा असे. सरदारांची कुटुंबं शोगुननं एदोत ओलीस ठेवल्यासारखी ठेवली होती. त्यातली एखादी गुपचूप गावी निघाली, तर बंडाची तयारी चाललीय असं समजायचं. चौकीचा दरवाजा स्थानकापासून चालत जाण्याइतका जवळ आहे. पाहायला पाच मिनिटं पुरतात.

रेल्वे खालून योकोकावापर्यंत १८८५ मध्ये आली. पलीकडून, जपानच्या समुद्राकडून, ती १८८८ मध्ये कारुइझावापर्यंत पोचली. मधला घाट तेवढा राहिला. तो भरून काढायला रस्त्यावर चक्क घोड्यांची ट्राम सुरू केली, आणि पाचेक वर्षं माणसं आणि माल तिच्यातून ये-जा करत होती. अडचण अशी की योकोकावा ३८७ मीटरवर आणि कारुइझावा ९३९ मीटरवर. साडेपाचशे मीटरची उंची, आणि ती बहुतेक सगळी एकाच बाजूला. कारुइझावाच्या अंगाला उतार नाहीच, तिथे सरळ पठार लागतं. आपल्या सह्याद्रीचं तेच आहे. खंडाळ्याला पोचलं की देश सुरू, आणि सगळी चढण कोकणच्या बाजूला.

तुलना करायचा मोह आवरत नाही, आणि ती करण्यासारखी आहेही. बोरघाटाच्या जुन्या रेल्वेमार्गानंही जवळपास तेवढीच, साडेपाचशे मीटरच्या आसपासची उंची गाठली. पण ती सुमारे २५ किलोमीटर वळणं घेत, ३७ मीटरला १ मीटर अशा चढानं. त्याला २५ बोगदे लागले आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. उसुईत तीच उंची निम्म्याहून कमी अंतरात घ्यायची होती. १५ मीटरला १ मीटर चढ, २६ बोगदे, १८ पूल. माथेरानची छोटी गाडीसुद्धा २० ला १ च्या पुढे जात नाही. इथे तर मुख्य मार्गावरच्या प्रवासी आणि मालगाड्या न्यायच्या होत्या.

गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक एवढ्या चढाला घसरतं. म्हणून स्विस अभियंता रोमान आब्ट यांची दातेरी रुळाची पद्धत आणली. दोन रुळांच्या मधोमध दात असलेल्या तीन उभ्या पट्ट्या बसवायच्या, त्यांचे दात एकमेकांपासून थोडे पुढेमागे ठेवायचे, म्हणजे इंजिनाच्या दातेरी चाकाची पकड कोणत्याही क्षणी सुटत नाही. निलगिरीत मेट्टुपालयमहून कुन्नूरला जाणारी गाडी आजही याच आब्टच्या पद्धतीवर चढते, फक्त तिथे पट्ट्या दोन आहेत. उसुईचं काम १८९१ मध्ये सुरू झालं आणि १ एप्रिल १८९३ ला मार्ग खुला झाला. दोन-सव्वादोन वर्षांत २६ बोगदे! या घाईत सुमारे ५०० माणसं दगावली असं सांगतात. बोरघाटात तर कॉलऱ्यानं आणि अपघातांनी हजारोंनी माणसं गेली, आणि त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.

संग्रहालय स्थानकाला लागूनच आहे. उसुई घाट रेल्वे संस्कृती ग्राम असं काहीसं भारदस्त नाव आहे, पण जागा मुळात योकोकावाची लोको शेड. मार्ग बंद झाल्यावर १९९९ मध्ये तिचंच संग्रहालय केलं. नवी इमारत बांधून तिच्यात इंजिनं आणून ठेवली असती तर ती बाहुल्यांसारखी दिसली असती. इथे ती आपल्या घरात उभी आहेत. शेडमध्ये शिरलं की तेल, गंज आणि जुन्या लाकडाचा मिश्र वास येतो. इंजिनाखालच्या खड्ड्यात उतरून वर पाहता येतं, आणि या घाटातल्या यंत्रांचं सगळं शहाणपण पोटाखालीच आहे.

तिथे ईडी ४२ हे दातेरी चाकाचं विजेचं इंजिन आहे. घाटाचं विद्युतीकरण १९१२ मध्ये झालं. जपानमधल्या मुख्य मार्गांवरचं ते पहिलं. आपल्याकडे व्हीटीहून कुर्ल्याला विजेची गाडी १९२५ मध्ये धावली, म्हणजे हा डोंगरातला आडबाजूचा तुकडा आपल्या राजधानीसारख्या शहराच्या तेरा वर्षं पुढे. कारण हौस नव्हती, धूर होता. त्याबद्दल पुढे सांगतो.

संग्रहालयाचा खरा नायक मात्र ईएफ ६३. वाफेचं इंजिन घाट चढायला सव्वा तासाच्या आसपास घ्यायचं, वीज आल्यावरही पाऊण तास लागायचाच. युद्धानंतर गाड्या वाढल्या आणि हा तुकडा गळ्यात अडकलेल्या घासासारखा झाला. शेवटी १९६३ मध्ये नवा मार्ग टाकून दातेरी रूळ काढून टाकले. चढ तोच, १५ ला १. पण आता दातांऐवजी वजनावर भिस्त. १०८ टनांची ईएफ ६३ इंजिनं दोन-दोनच्या जोडीनं गाडीला लागायची, आणि नेहमी योकोकावाच्या, म्हणजे उताराच्या बाजूला. गाडी चढत असेल तर ती मागून ढकलायची, उतरत असेल तर पुढे राहून तिला पाठीवर घेतल्यासारखी रोखून धरायची. आपल्या भाषेत बँकर. कर्जतला पुण्याच्या गाडीला मागे बँकर लागतात, त्यांचेच हे जपानी भाऊबंद.

फक्त यांचं काम अधिक नाजूक. चढावर इंजिनाचं वजन मागे सरकतं आणि पुढची चाकं हलकी होतात, म्हणून या इंजिनांच्या चाकांवरचा भार मुद्दामच असमान ठेवलेला होता. नेहमीच्या ब्रेकांशिवाय त्यांना थेट रुळाला चिकटणारे विद्युतचुंबकीय ब्रेक होते. खड्ड्यात उतरलात तर दोन चाकांच्या मध्ये, रुळापासून बोटभर अंतरावर लोंबणारा तो जाड लोखंडी ठोकळा शोधा. वेग मर्यादेबाहेर गेला की सावध करणारं मोजयंत्रही होतं. आणि ज्या डब्यांना या घाटातून जायचं, त्यांच्यासाठी वेगळे नियम. डब्यांच्या हवेच्या स्प्रिंगांमधली हवा घाटापुरती काढून टाकत, म्हणजे मागून जोर लागल्यावर डबे उसळून रूळ सोडणार नाहीत. घाटासाठी मजबूत केलेल्या डब्यांवर क्रमांकाच्या शेजारी एक छोटा गोल ठिपका रंगवलेला असे. संग्रहालयातल्या जुन्या 'आसामा' गाडीच्या डब्यांवर तो ठिपका शोधायचा खेळ भाच्याला लागला. साध्या विजेच्या गाडीला आठ डब्यांपर्यंतच परवानगी होती. इंजिनाशी सूर जुळवून स्वतःच्या मोटारीही चालवू शकणाऱ्या गाड्यांना बारा.

नवा मार्ग झाल्यावर चढायला १७ मिनिटं लागायची, आणि उतरायला २४. एका फलकावर ही वेळ वाचून भाचा म्हणाला, "छपाईची चूक असेल." चूक नव्हती. उतारावर प्रवासी गाडीला ताशी ३८ किलोमीटरची मर्यादा होती. ओढायला ताकद लागते, ती मोठ्या मोटारी बसवून मिळते. पण उतारावर सुटलेली गाडी एका ठरावीक वेगापुढे गेली की जगातला कुठलाही ब्रेक तिला धरू शकत नाही, म्हणून तो वेग येऊच द्यायचा नाही. १९७५ मध्ये चार इंजिनांची एक जोडणी इथे सुटली आणि उलटली. बोरघाटात उतरणारी गाडी जागोजागी थांबवून, ब्रेक ताब्यात आहेत याची खात्री करून मगच पुढे सोडतात, आणि नाही थांबली तर तिला डोंगरात चढणाऱ्या कॅच सायडिंगवर वळवायची सोय ठेवली आहे, ती याच भीतीनं. घाटातलं सगळं शास्त्र मुळात थांबवण्याचं आहे, हे मला इतकी वर्षं गाडीत बसून जितकं कळलं नव्हतं तितकं त्या खड्ड्यात उभं राहून कळलं.

इथे ईएफ ६३ चालवायलाही मिळतं. खोटं नाही, खरंखुरं १०८ टनांचं इंजिन, पूर्वीच्या घाटमार्गाच्या तुकड्यावर. त्यासाठी आधी दिवसभराचा वर्ग, मग लेखी परीक्षा, पास झालात तर हाती दांडा. शिकवायला या मार्गावर नोकरी केलेली जुनी माणसं असतात. आम्ही होतो तेव्हा एक साठीचे गृहस्थ पांढरे हातमोजे घालून, समोर बोट दाखवत मोठ्यानं सिग्नल उच्चारत इंजिन हलवत होते. शेजारी उभे असलेले गुरुजी त्यांच्या हाताकडे पाहत होते, चेहऱ्याकडे नाही. परीक्षा जपानीत असते, त्यामुळे मी बाद. भाच्याच्या डोक्यात मात्र किडा शिरलेला दिसतो.

बँकर लावायला वेळ लागतो, आणि गाडी थांबली की भूक लागते. कर्जतच्या दिवाडकरांच्या वड्याचं रहस्य मिरचीइतकंच या थांब्यातही आहे. योकोकावात तेच घडलं. ओगिनोया हे दुकान स्थानकासोबतच, १८८५ मध्ये सुरू झालेलं. स्थानकावरचे थंड डबे खपेनासे झाले, तेव्हा त्या वेळच्या मालकीणबाई फलाटावर जाऊन प्रवाशांनाच विचारू लागल्या की तुम्हाला काय हवंय. गरम आणि घरच्यासारखं, असं उत्तर आलं. त्यातून १९५८ मध्ये 'तोगे नो कामामेशी' निघालं. माशिकोच्या कुंभारांनी घडवलेलं मातीचं छोटं भांडं, त्यात रश्श्यात शिजवलेला भात, वर कोंबडीचे तुकडे, शिताके अळंबी, बांबूचे कोंब, लावेचं अंडं, चेस्टनट आणि एक जर्दाळू. जाड भांड्यामुळे भात बराच वेळ गरम राहतो. गाडी सुटताना विक्रेते फलाटावर रांगेत उभे राहून तिला कमरेतून वाकून नमस्कार करत, तो या घाटाच्या आठवणींचा ठरलेला भाग आहे. आता गाडी पुढे जात नाही, पण कामामेशी स्थानकाजवळ मिळतं. चव गोडसर. जर्दाळू भातात कशाला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. शाकाहारी मंडळींनी ताकासाकीहूनच काहीतरी घेऊन यावं. भांडं टाकून द्यायचं नसतं. एका माणसापुरता भात त्यात शिजतो, असं भाच्याच्या घरी करून पाहिलं आणि शिजला.

जेवून वाट धरली. जुन्या दातेरी मार्गाचीच आता पायवाट केली आहे, योकोकावापासून कुमानोताइरापर्यंत सुमारे ६ किलोमीटर, वाटेत १० बोगदे. चढ सतत असतो, पण पायऱ्या कुठेच नाहीत. सुरुवातीला मारुयामाचं वीजउपकेंद्र लागतं. लाल विटांच्या दोन लांब इमारती, कमानदार खिडक्या. एकीत यंत्रं, दुसरीत बॅटऱ्या. गाडी घाटात असेल तेव्हाच विजेची प्रचंड गरज, बाकी वेळ जवळपास काही नाही. म्हणून रिकाम्या वेळात बॅटऱ्या भरून ठेवायच्या आणि गाडी चढू लागली की त्यांची जोड द्यायची. १९१२ सालची ही अक्कल आज सौरऊर्जेच्या चर्चेत नव्यानं सांगितली जाते.

पुढे बोगदे सुरू होतात. आत दिवे आहेत, पायाखाली पाणी झिरपतं, आणि विटांवर अजून काजळी आहे. इथे ती धुराची गोष्ट. चढत्या बोगद्यात इंजिन शिरलं की खालच्या तोंडातून येणारी हवा धुराला गाडीसोबतच वर ढकलायची. ताशी जेमतेम नऊ किलोमीटरच्या वेगानं चालणारी गाडी स्वतःच्याच धुरात कोंडली जायची, ड्रायव्हर आणि कोळसा मारणारे बेशुद्ध पडायचे. त्यावर काढलेला उपाय विलक्षण साधा होता. बोगद्याच्या खालच्या तोंडाशी पडदा. शेवटचा डबा आत गेला की तिथे राहणारा राखणदार पडदा ओढून तोंड बंद करायचा. मागून हवा यायची थांबली की धूर गाडीच्या मागे राहायचा. गाडी बाहेर पडली की पडदा उघडायचा. ऊन असो, बर्फ असो, मध्यरात्र असो. या राखणदारांची कुटुंबं बोगद्यांच्या तोंडाशी, डोंगरातच राहत. एका कापडाच्या पडद्यावर मुख्य रेल्वेमार्गाची वाहतूक चाललेली होती! सहाव्या बोगद्यात, जो ५४६ मीटर लांब आहे, धूर जायला छताला आणि बाजूला भोकंही पाडली आहेत. त्यांतून उजेडाचे पट्टे खाली येतात आणि तिथे सगळे फोटो काढतात.

त्याआधी, पाचव्या बोगद्यातून बाहेर पडताच आपण अचानक तिसऱ्या पुलावर येतो. लोक त्याला चष्म्याचा पूल म्हणतात. चार कमानी, ९१ मीटर लांबी, ३१ मीटर उंची, सगळा विटांचा, साधारण २० लाख विटा. आराखडा चार्ल्स पॉनल या ब्रिटिश अभियंत्याचा. १८९४ च्या भूकंपानंतर त्याचे खांब जाड करून घेतले. वरून फार काही दिसत नाही, म्हणून जिन्यानं खाली रस्त्यावर उतरावंच. खालून पाहताना विटांच्या ओळी कमानीभोवती कशा वळल्या आहेत ते दिसतं. दुर्दैवानं हाताच्या उंचीपर्यंतच्या विटांवर नावं कोरलेली आहेत. हा रोग फक्त आपल्याकडे आहे असं मला वाटायचं.

बहुतेक लोक पुलावरूनच परत फिरतात. फिरू नये. पुढचे बोगदे निवांत आहेत, आणि शेवटी कुमानोताइरा लागतं. घाटाच्या मध्यावरची ही सपाट चिंचोळी जागा, गाड्या एकमेकींना ओलांडायला ठेवलेली. रूळ, खांब, तारा, सगळं जागच्या जागी, फक्त झाडं त्यातून वर आली आहेत. १९५० च्या जूनमध्ये इथे दरड कोसळली. आधी पडलेला ढिगारा उपसत असतानाच पुन्हा डोंगर खाली आला आणि ५० माणसं गाडली गेली, रेल्वेचे कामगार आणि तिथेच राहणारी त्यांची कुटुंबं. स्मारकावर बाळाला घेतलेल्या आईची मूर्ती आहे. पावसाळ्यात बोरघाटातल्या मंकी हिलला दरड हटवणाऱ्या गँगमनच्या टोळ्या ज्यांनी गाडीच्या खिडकीतून पाहिल्यात, त्यांना याहून जास्त सांगायला नको.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. संग्रहालय बहुतेक मंगळवारी बंद असतं. ते आधी पाहावं आणि वाट नंतर, कारण खड्ड्यातलं इंजिन पाहिल्यावर पायाखालचा चढ वेगळा कळतो. मात्र बोगद्यांतले दिवे संध्याकाळी ६ ला बंद होतात, तेव्हा दुपार उलटायच्या आत निघावं आणि जवळ विजेरी ठेवावी. वाटेत 'तोगे नो यु' हे गरम पाण्याचं स्नानगृह आहे. सुट्टीच्या दिवशी योकोकावाहून तिथवर जुन्याच रुळांवर उघड्या डब्यांची छोटी गाडी जाते, गुडघे कुरकुरणाऱ्यांनी ती पकडावी. कारुइझावाला बसनं वर गेलात तर तिथल्या जुन्या स्थानकाच्या इमारतीपाशी १९१२ चं जर्मन बनावटीचं विजेचं इंजिन उभं आहे. आणि परतताना शिंकान्सेननं आलात, तर एकामागोमाग एक लांब बोगद्यांतून ती हा सगळा घाट काही मिनिटांत मागे टाकते. त्या वेळात भाचा ईएफ ६३ च्या वर्गाच्या तारखा शोधत होता.